आत्याचे पापुद्रे

आमच्या घरातले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याचं कारण होतं एक कल्ला. गोंधळ या अर्थाचा कल्ला नव्हे. कानासमोरून गालावर उतरतो तो, केसांचा. दादांच्या डाव्या गालावरचा.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. लिफ्टचे मेकॅनिक. गावातल्या निम्म्या इमारती त्यांच्या भरवशावर वरखाली करतात. धाकटे म्हणजे आमचे हे. यांचं कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान आहे. दादांच्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी यांनी दादांचे केस कापले आणि बोलण्याच्या नादात डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला. लग्नाचे सगळे फोटो काढून बघा, प्रत्येकात दादा डावा गाल लपवायला मान वळवून उभे आहेत. लांबून कुणीतरी हाक मारतंय आणि ती नीट ऐकू येत नाहीये, असं वाटतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या महिन्यात दादा दुसरीकडे केस कापून आले. ही बातमी एका गिऱ्हाइकाने दुकानात आणली. नवरा परक्या बाईबरोबर दिसला हे जसं चोरट्या आवाजात सांगतात, तशी त्याने सांगितली म्हणे. हे घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्याने चढायला लागले. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीची लिफ्ट दादांच्याच देखभालीत आहे.

"समोर आरसा असून आपला कल्ला वर जातोय हे ज्याला कळलं नाही," हे मला म्हणाले, "त्याच्या दोरावर मी जीव टांगणार नाही."

मी मात्र लिफ्टनेच जायचे. वर पोचून कुलूप काढून, चहाचं आधण ठेवून झालं की जिन्यातून यांच्या गुडघ्यांचा आवाज यायचा.

अशी बरीच वर्षं गेली. दोघांमधलं दळणवळण आम्ही दोघी जावा सांभाळायचो. जाऊबाई आणि मी, आमचं मेतकूट पहिल्यापासून. दादा म्हणायचे, "त्या सलूनवाल्यांना सांग, घरपट्टी भरायची वेळ झाली." मग जाऊबाई मला फोन करायच्या, मी यांना सांगायचे, हे म्हणायचे, "त्या लिफ्टवाल्यांना कळव, मला वाचता येतं." मी जाऊबाईंना कळवायचे, "हो म्हणालेत." मधल्या मधे आम्ही अशी बरीच काटछाट करायचो. खरं सांगायचं तर आम्हाला त्यात मजा येत होती.

तेवढ्यात आत्या पडली.

आत्या ही यांची सख्खी आत्या. दादांच्या घरात तळमजल्यावर तिची स्वतंत्र खोली आणि स्वयंपाकघर आहे, वरच्या मजल्यावर दादा आणि जाऊबाई. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, एका मोठ्या कचेरीचं उपाहारगृह निवृत्त होईपर्यंत एकहाती चालवलं. वयाची ऐंशी कधीच ओलांडली आहे, आणि तरी पडदे धुवायचे म्हणून स्टुलावर चढली. खुब्याचं हाड मोडलं. मी इस्पितळात एक्स-रे काढते, त्यामुळे तिचा फोटो माझ्याच वाट्याला आला.

"आत्या, अजिबात हलू नका," मी सवयीने म्हणाले.

"हलता आलं असतं तर तुझ्याकडे आले असते का?" ती म्हणाली.

शस्त्रक्रिया छान झाली. डॉक्टर खूश, आम्ही खूश. पण घरी आल्यावर आत्याने अंथरूण धरलं ते धरलंच. वॉकर आणून दिला, त्यावर ती टॉवेल वाळत घालायला लागली. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज यायची, गोड बोलायची, रडकुंडीला येऊन परत जायची. जेवणाचं तर विचारूच नका. दोन घास, की ताट बाजूला. गाल आत गेले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर अंगात ताकद येणार नाही, आणि उभ्या राहिल्या नाहीत तर मग राहूनच जाईल. आवडेल ते खायला घाला.

जाऊबाईंनी तिच्या उशाशी बसून विचारलं, "आत्या, काय खावंसं वाटतं?"

आत्याने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "पापुद्रे."

पापुद्रे ही तिची स्वतःची पेस्ट्री. सुट्टीच्या दिवशी घरी करायची. पिठाच्या घडीत लोणी, परत घडी, परत लोणी, असे इतके थर, की भट्टीतून काढल्यावर वहीची पानं वाऱ्यावर सुटावीत तसे फुगून वर यायचे. मध्ये शिजवलेली सफरचंदं आणि घुसळलेली साय. तोंडात टाकलं की आधी आवाज यायचा, मग चव. हे आणि दादा लहानपणी त्याच्या कोपऱ्यांवरून मारामाऱ्या करायचे, कारण कोपरा जास्त खुसखुशीत. मी लग्न होऊन आले त्याच्या आसपास आत्याने ते करणं सोडलं होतं. हात दुखतात म्हणायची.

आता एवढं दुखणं काढलेल्या बाईने काहीतरी मागितलं, म्हटल्यावर आम्ही कशाला थांबतोय. मी इस्पितळातून येताना सगळ्यात चांगल्या बेकरीतून पेस्ट्री आणली, जाऊबाईंनी ती तव्यावर गरम केली आणि बशीत घालून आत्यापुढे ठेवली.

आत्याने एक तुकडा खाल्ला. "कुणी केलं?"

"घरीच केलं," जाऊबाई म्हणाल्या.

"कुणाच्या घरी?"

आत्याने बशी सरकवली. "ह्यात लोणी नाही. टाळूला मेण बसलं माझ्या."

मग जाऊबाई इरेला पेटल्या. त्यांनी खरं लोणी आणलं, पीठ आणि लोणी विजेच्या यंत्रात घालून गरगर फिरवलं, लाटलं, भाजलं. रंग सुरेख आला. आत्याने सुरीने टोचून बघितलं आणि म्हणाली, "पुठ्ठा छान झालाय."

जाऊबाईंचा चेहरा पडला तेव्हा तिला जरा दया आली असावी. ती उशीला टेकून बसली आणि समजावून सांगायला लागली. "यंत्र गरम होतं, लोणी विरघळतं आणि पिठात शिरतं. मग थर कुठून येणार? दोघं शेजारी शेजारी राहिले पाहिजेत. एकमेकांत शिरायचं नाही आणि एकमेकांपासून सुटायचंही नाही. आणि मध्ये गारवा हवा. तापलं की संपलं सगळं."

मी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"माळ्यावर माझं जुनं सामान आहे," आत्या पुढे म्हणाली, "ते खाली आणा. संगमरवराची लादी आहे त्यात, ती एकट्याने उचलायची नाही. दोघं भाऊ लागतील. आणि एकाने सोडली तर दुसऱ्याचा पाय जाईल, हे आधीच सांगून ठेवा."

स्वयंपाकघरात आल्यावर जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. "कळलं का तुला? म्हातारी काय डोक्याची आहे. पापुद्रे हे नुसतं निमित्त."

मोडक्या हाडानिशी पडल्या पडल्या ही बाई दोन पुतण्यांना एकत्र आणण्याचा घाट घालतेय, आणि आम्ही दोघी धडधाकट असून इतकी वर्षं नुसता निरोप्याचा धंदा केला. आम्ही तिथेच ठरवलं, तिचा बेत तडीस न्यायचा. आणि कुणाला काही सांगायचं नाही.

सोमवारी यांचं दुकान बंद असतं. दादांना जाऊबाईंनी रजा घ्यायला लावली. मी यांना एवढंच म्हणाले, "आत्याला शेवटचं काही खावंसं वाटतंय, आणि तुम्ही येणार नसाल तर तसं तुम्हीच जाऊन सांगा." शेवटचं हा शब्द मी जरा जास्तच वापरला, पण लागू पडला. हे आले. आत्याच्या दारात दादा उभे होते. हे वहाणा काढण्यात गुंतले, दादांना छतावर काहीतरी दिसलं, आणि अशा रीतीने भेट पार पडली.

माळा दादांच्या स्वयंपाकघरावर होता. दादा शिडीवर चढले, हे खाली उभे राहिले, आणि सामान यायला लागलं. दोन पारड्यांचा ओतीव लोखंडाचा तराजू आणि त्याची पितळी वजनं. ती जुन्या मोज्यात भरून ठेवली होती. कडेला नागमोडी दाते असलेलं कातणं. दंडाएवढं जाड लाटणं, एवढं वजनदार, की हे म्हणाले ह्याने चोराला मारलं तर आपल्यालाच आत टाकतील. एक फिरकीची रवी, म्हणजे बाजूला दांडा, मध्ये दातेरी चाक आणि खाली दोन पाती, दांडा फिरवला की पाती एकमेकींत न अडकता उलटसुलट फिरणार. ती मात्र गंजून जाम झाली होती. दादांनी शिडीवरच्या शिडीवर ती डोळ्यांजवळ नेली आणि चेहऱ्यावर असा उजेड पडला, की पुढची काही मिनिटं शिडीखाली माणूस उभा आहे हे ते विसरले.

"त्यांना विचार," हे मला म्हणाले, "आजच्या आज उतरणार आहेत का?"

मग लादी. करडी, मऊसूत, कडेला एक टवका उडालेली. आत्याने म्हणे एक हॉटेल बंद पडलं तेव्हा ती तिथून उचलून हातगाडीवर बांधून आणली होती. माळ्यावरून ओट्यावर, ओट्यावरून जिन्यापर्यंत ती मुक्यानेच आली. जिन्यात दादा खालच्या बाजूला, उलटे उतरत, हे वरच्या बाजूला. आणि जिना वळतो तिथे दादांची टाच पायरीच्या कडेवर आली.

"पाय बघ," हे म्हणाले.

दादा थांबले. "बघतो," म्हणाले.

मी आणि जाऊबाई वरच्या पायरीवर उभ्या. इतक्या वर्षांतलं दोघांचं पहिलं संभाषण, आणि त्यात एकूण शब्द तीन. पुढचा सगळा जिना "जरा डावीकडे", "टेकव", "हं, चल" असा उतरला. पण लादी आत्याच्या ओट्यावर बसली आणि दोघांना आपण बोललो ते आठवलं. हे खिडकीशी गेले. दादा जाऊबाईंना म्हणाले, "त्यांना सांग, हात पुसायचं फडकं तिकडे आहे."

आत्याची खुर्ची आम्ही स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली होती. पायावर शाल, शेजारी वॉकर, आणि हातात तिने मोज्यातलं एक पितळी वजन घेतलं होतं. लक्ष वेधायचं असलं की ते खुर्चीच्या हातावर आपटायची.

"हात दाखवा," ती म्हणाली.

दोघांनी शाळेतल्यासारखे हात पुढे केले. तिने दादांचा हात धरला. "हा तवा आहे. तू पिठाला हात लावायचा नाहीस. लाटणं धर." मग यांचा धरला. "हा बरा. गार आहे."

यांचे हात गारच असतात. दिवसभर पाण्यात. थंडीच्या दिवसांत मानेला हात लागला की गिऱ्हाइकं शहारतात आणि वर दुकानाला नावं ठेवतात. त्या हातांचं कुणी कौतुक केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. हे एकदम ताठ उभे राहिले.

दादांनी खिशातून पातळी बघायची पाणसळ काढली. त्यांच्याकडे ती कायम असते. आधी तराजूपाशी ओट्यावर ठेवून बघितली, मग लादीवर, आणि लादीच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. रवी उघडून, गंज घासून, दातेरी चाकाला खायच्या तेलाचा थेंब देऊन ती अशी सुरू केली, की दांड्याला नुसतं बोट लावलं तरी पाती भिरभिरायला लागली. लिफ्टचा दरवाजा बंद होताना ऐकतात तशी मान कलती करून त्यांनी तो आवाज ऐकला.

पीठ मळून झालं, लादीवर बर्फाची पिशवी फिरवून ती गार केली, लोण्याचा ठोकळा कागदात गुंडाळून लाटण्याने बडवून चपटा केला. हे काम दादांनी फार मनापासून केलं. एकेक ठोका पडत होता आणि हे प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते. मग लोणी पिठात ठेवून बाजूने पीठ दुमडून घेतलं, दादांनी लांब लाटलं, आणि आत्या म्हणाली, "आता तीन पदरी घडी. कड कडेला लागली पाहिजे."

यांनी ती घडी घातली आणि मला हसू आवरेना. ती दुकानातल्या टॉवेलची घडी होती. तीच पद्धत, शेवटी तळहाताने अलगद चापट मारायचीसुद्धा. दिवसातून शंभरदा करत असतील.

दादा वाकून बघत होते. "त्यांना सांग, कड सरळ नाहीये."

"त्यांना सांग, मोजून बघा," हे म्हणाले.

दादांनी खरोखर खिशातून टेप काढली. दोन्हीकडून मोजलं. परत मोजलं. टेप गुंडाळून खिशात ठेवली. हे जे समजायचं ते समजले.

"आता पाव फेरा वळव आणि परत लाट," आत्या म्हणाली. आणि त्यानंतर, "आता थोडी विश्रांती. ताण पडला की आकसतं. गार जागी ठेवा, जरा एकटं सोडा, आपोआप सैल होईल."

जाऊबाईंनी मला कोपर मारलं. घडी फ्रीजमध्ये गेली आणि दोघं भाऊ समोरच्या बाकावर दोन टोकांना बसले. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा. आम्ही मुद्दाम सफरचंदं चिरायला पाठमोऱ्या बसलो.

घडी, लाटणं, पाव फेरा, विश्रांती. परत घडी. सकाळ तशी गेली. दादा लादीवर वाकून लाटायचे, तेव्हा हे त्यांच्या मागे घडी घालायला तयार उभे असायचे, म्हणजे यांच्या नाकासमोर दादांची मान. मी बघत होते, यांची नजर तिथून हलत नव्हती. एकदा दुसरीकडे बघितलं, परत तिथेच. शेवटी यांना राहवेना.

"त्यांना विचार," हे मला म्हणाले, "मागून कुणी कापलेत."

लाटणं थांबलं. "सांग त्यांना," दादा पिठाकडे बघत म्हणाले, "जिथे दोन्ही कल्ले सारखे ठेवतात तिथे."

"कल्ले सारखेच आहेत," हे थेट दादांना म्हणाले. "मान चुकलीये. उजवीकडे उतरती आहे. आणि मध्ये एक झुपका राहिलाय, तो किती दिवस घेऊन फिरतोयस?"

दादांनी पिठाने भरलेला हात मानेवर नेला. तिथे आता झुपकाही होता आणि पीठही.

"हात धू," आत्या म्हणाली.

दुपारी कापायची वेळ आली. आत्याने आमच्या सगळ्या सुऱ्या अंगठ्यावर घासून बघितल्या आणि एकेक परत दिली. "बोथट सुरीने कापलं तर कड दाबली जाते. वरचे थर खालच्यांना चिकटतात, मग ते फुगणार नाहीत. इतक्या वेळच्या कष्टावर पाणी."

हे बाहेर गेले आणि स्कूटरच्या डिकीतून कायम बरोबर असणारी एक लांबट डबी घेऊन आले. आत त्यांचा वस्तरा होता. जुना, हस्तिदंती रंगाच्या मुठीचा, यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेला. तो आजवर एकाही गालाला लागलेला नाही. यांचा जीव आहे त्याच्यावर. महिन्यातून एकदा चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा आणि परत ठेवायचा. उकळत्या पाण्यातून काढून, पुसून हे लादीपाशी उभे राहिले.

"पट्टी कुणी धरायची?" आत्याने विचारलं.

लोखंडी पट्टी दादांच्याच खिशात होती. त्यांनी ती पिठावर आडवी ठेवली, दोन्ही हातांनी दाबून धरली. वस्तरा त्यांच्या बोटांपासून नखभर अंतरावर टेकला.

"हलू नकोस," हे म्हणाले.

"नाही हलत."

वस्तरा सरकला. आवाज नाही, काही नाही, नुसती एक रेघ उमटली आणि कडेला पानापानासारखे थर दिसायला लागले. दुसरी रेघ. तिसऱ्या रेघेला हे खाली बघतच म्हणाले, "त्या दिवशी मात्र हललास."

"मी हललो नव्हतो," दादा म्हणाले. "तू हसवलंस."

"मी?"

"मग काय, वस्तरा गालाला लावून कुणी असलं सांगतं? नवऱ्यामुलाच्या मामाचं."

हे थांबले. वस्तरा वर उचलून धरला. मला आणि जाऊबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. "कुठल्या मामाचं?" जाऊबाईंनी विचारलं.

दादा सांगायला लागले, पण त्यांना पुढे बोलवेना. मग यांनीच सांगितलं. लग्नाच्या सकाळी नवऱ्यामुलाचे मामा दुकानात आले होते. खुर्चीत बसले नाहीत. डोक्यावरचा टोप काढून यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "एवढे कापून ठेवा, मी तोवर बाजारात जाऊन येतो."

दादांचे खांदे हलायला लागले. यांनी वस्तरा आधी बाजूला ठेवला, मग हसले. जाऊबाई तर ओट्याला धरून खाली बसल्या. आत्याने वजन आपटलं. "कापताना हसायचं नाही. लोणी तापतंय."

तेव्हा कुठे उरलेल्या रेघा मारून झाल्या.

भट्टीत घालण्याआधी दादांनी तिच्यावरही पाणसळ ठेवून बघितली. मग दोघं भाऊ भट्टीच्या काचेसमोर मांडी घालून बसले, या वेळी मध्ये फारशी जागा न ठेवता. आधी काहीच होईना. मग कडा हलल्यासारख्या वाटल्या, आणि बघता बघता सगळं वर यायला लागलं. लोण्याचा वास खिडकीतून बाहेर गेला असणार, कारण शेजारची मंडळी दोनदा साखर मागायला येऊन गेली. मी काचेतून बघितलं, परत बघितलं. प्रत्येक तुकड्याची डावी बाजू उजवीपेक्षा वर गेली होती. चांगली बोटभर.

यांनी दादांकडे बघितलं नाही, दादांनी यांच्याकडे बघितलं नाही. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले.

"उजवीकडे माझा हात जड पडतो," दादा म्हणाले. "लाटताना दाबलं गेलं असेल."

"तसं काही नाही," हे म्हणाले. "चवीला काय फरक पडतोय."

जाऊबाईंनी डोळे उघडले.

मग घाईघाईने साय घुसळली. दादांनी रवी इतक्या जोरात फिरवली की निम्मी साय यांच्या शर्टावर आली. पण हे शर्ट झटकून सफरचंदं भरत राहिले. आत्याच्या बशीत पहिला तुकडा गेला. तिने काटा बाजूला ठेवला, हाताने उचलला आणि दातांखाली धरला. तो आवाज आला. मी त्याच्याबद्दल इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं. पावलाखाली सुकं पान यावं तसा. तिच्या हनुवटीवर, शालीवर, मांडीवर सगळीकडे चुरा झाला. तिने डोळे मिटून तो सगळा तुकडा संपवला, आणि आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"मीठ चिमूटभर कमी पडलंय," ती म्हणाली. "दुसरा द्या. कोपऱ्याचा."

पण कोपऱ्यांवरून तोवर ओट्यापाशी वाद पेटला होता. मी लाटलं म्हणून माझा, मी कापलं म्हणून माझा. एक ताटली धरून ओढतोय, दुसरा सोडत नाही, जाऊबाई मध्यस्थी करतायत, मी मधल्यातला एक तुकडा गुपचूप तोंडात टाकतेय. आत्याने दोनदा वजन आपटलं, कुणाच्या कानावर गेलं नाही. मग ओट्याच्या काठावर एक हात आलेला मला दिसला. बांगड्या कोपरापर्यंत सरकलेला. आत्या वॉकर धरून आमच्यामध्ये उभी होती. दारापासून ओट्यापर्यंत आपल्या पायांनी आली होती. तिने ताटलीतला कोपरा उचलला, तिथेच उभं राहून अर्धा खाल्ला, आणि म्हणाली, "आता मला कुणीतरी परत नेऊन बसवा. येताना लक्षात नाही आलं."

दादांनी एका बाजूने धरलं, यांनी दुसऱ्या. जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले आणि कांदा चिरला नव्हता, त्यामुळे काही सबबही सांगता आली नाही.

सगळी पांगापांग झाल्यावर मी आत्याची शाल झटकायला गेले. मला राहवलं नाही. "आत्या, तुम्हाला मानलं," मी म्हणाले.

"मी काय केलं? मी बसून होते."

"तसं नाही. दोघांना बोलतं केलंत. मुद्दामच केलंत ना?"

"कुणाला?"

"दादांना आणि यांना."

आत्याने माझ्याकडे नीट बघितलं. "का, बोलत नव्हते?"

मी शाल धरून उभीच राहिले. "इतकी वर्षं बोलत नव्हते, आत्या. कल्ल्यावरून."

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, वयाप्रमाणे शांत झालेत."

"पण मग ते, दोघं शेजारी शेजारी राहिले पाहिजेत, गारवा हवा, एकटं सोडलं की सैल होतं..."

"अगं बाई, लोणी आणि पीठ," आत्या म्हणाली. "तुला आज शिकवलं ना सगळं? लक्ष कुठे होतं तुझं?"

मी हे जाऊबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "तरी पण."

आता आत्या रोज खोलीच्या दोन चकरा मारते, मधूनमधून व्यायामवाल्या मुलीलाच उभं राहायची पद्धत सुधारून सांगते. लादी वर न्यायला कुणी तयार नाही, त्यामुळे ती तिच्याच ओट्यावर आहे. येत्या सोमवारी मिरी घालून खारे पापुद्रे करायचेत असं तिने जाहीर केलंय. काल रात्रीच्या जेवणाआधी जाऊबाईंच्या नंबरावरून माझा फोन वाजला. मी सवयीने उचलला आणि म्हणाले, "हं, काय सांगू यांना?"

"तू राहू दे, त्याला दे," दादा म्हणाले.

मग पाऊण तास दोघं मिरी भरड हवी की बारीक यावरून भांडत होते. माझ्या वाट्याला एक शब्द आला नाही. मी जाऊबाईंना फोन लावायला गेले, तर माझा फोन यांच्या हातात आणि त्यांचा अर्थातच दादांच्या.